खाटेवरचा माणूस

रविवार, २ फेब्रुवारी

आज पाड्यावर पहिला संदेश दिला. माझ्याकडून चूक झाली नाही.

पाळक मनोजसाहेबांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि डॉक्टरांनी ईस्टरपर्यंत बोलणं, प्रवास, जिने सगळं बंद केलं आहे. नाशिकच्या चर्चमध्ये उपदेशाला उभं राहायला माणसं आहेत. हरसूलच्या पुढे, डोंगरातल्या पाड्यावर दर रविवारी जायला कोणी नव्हतं. पाळक नसलेल्यांसाठीचा उपदेशाचा अभ्यासक्रम मी दोन वर्षांपूर्वी केला होता, म्हणून कमिटीने माझं नाव काढलं. मी हो म्हटलं. का म्हटलं, हे कोणी विचारलं नाही ते बरं झालं.

मंडळी सुलाबाईच्या पडवीत जमते. सुलाबाई विधवा आहे, साठीच्या आसपासची, भात आणि नागली करते. मला पाहून म्हणाली, "सलाम ताई. पाळकसाहेबांनी पोरगी धाडली होय? बस. आधी पाणी पी, मग देव सांग."

शास्त्रपाठ येशूचा शिष्य पेत्र याच्या तापाने पडलेल्या सासूचा होता. मी लिहून नेलेलं वाचलं. प्रभूने तिचा हात धरला, ताप गेला, ती उठून सेवा करू लागली. मुद्दा असा की बरं होणं हा शेवट नाही, सेवेची सुरुवात आहे.

मी गीत सांगणार तोच मागून एक म्हातारा म्हणाला, "सुले, फिरव आता."

इथे ही पद्धत आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शहरातल्या माणसाचा संदेश म्हाताऱ्यांना नीट कळत नाही, म्हणून तो संपला की सुलाबाई उभी राहते आणि तोच परत त्यांच्या बोलीत सांगते. याला ते 'फिरवणं' म्हणतात. ती म्हणाली, "ती सासू तापली व्हती. प्रभूनं हात धरला, ताप पळाला. आन् ती काय निजून राहिली का? उठून भाकरी थापाया बसली. तुमचा बी ताप जाईल. पण उठल्यावर भाकर कोणाला घालशाल, ते आधी सांगा."

सगळे हसले. माझ्या संदेशात कोणी हसलं नव्हतं. 'तुमचा बी ताप जाईल' हे वाक्य माझं नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं.

कुंपणाबाहेर एक माणूस उभा होता, चाळिशीचा, हातात मोबाइल धरून. सगळं रेकॉर्ड करत होता. सुलाबाई म्हणाली, "मोतीराम हाय तो. ग्रामपंचायतीत हाय. घरी आई पडून हाय, तवापासून कोणाशी गोड बोलत नाय."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मी काम करते त्या प्रयोगशाळेच्या गेटवर धनराजकाका भेटायला आले. ते आमच्या कमिटीचे सचिव आहेत, फोनवर महत्त्वाचं बोलत नाहीत.

पाड्यातल्या काही लोकांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. सुलाबाईच्या घरात 'आजार बरे करण्याचे आमिष दाखवून' लोकांना देवधर्म सोडायला लावतात, असा मजकूर आहे. पहिली सही मोतीरामची. चौकशी होईल. अर्जात तथ्य निघालं तर सुलाबाईवर गुन्हा दाखल होईल आणि घरातली उपासना बंद पडेल. नाशिकच्या चर्चला भिंती आहेत, कागदपत्रं आहेत. पाड्यावरच्या सात घरांना फक्त ती पडवी आहे.

"तू इंजिनिअर आहेस म्हणूनच तुला पाठवलं," काका म्हणाले. "तोलूनमापून बोल. लिहून घेऊन जा, लिहिलंय तेवढंच वाच. बाहेरचा एक शब्द नको."

मी म्हटलं, तसंच करते आहे. मग सुलाबाईच्या फिरवण्याबद्दल सांगितलं. काकांनी चष्मा काढला.

"हे चालू आहे अजून? बंद कर. आधी ते बंद कर."

मला पटलं. आमच्या प्रयोगशाळेत कारखाने दाबमापकं तपासून घ्यायला पाठवतात. ज्या मोजमापाला कोणी जबाबदार नाही ते प्रमाणपत्रावर जात नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

फिरवणं बंद केलं.

उपासनेआधी सुलाबाईला चुलीपाशी गाठून सांगितलं. अर्जाचं तिला आधीच माहीत होतं.

"मग मी काय चुकीचं बोलले?" तिने विचारलं.

"तुम्ही म्हणालात, तुमचाही ताप जाईल. ते आश्वासन झालं."

"ताप जात नाय का? माझा तर गेलता."

"गेला असेल. पण प्रत्येकाचा जाईल असं आपण सांगू शकत नाही. तुमच्यावर गुन्हा दाखल होईल, बाई."

ती भाकरी उलटत राहिली. मग म्हणाली, "तू माझ्यासाठी म्हणतेस ते कळतं गं. पण त्या म्हाताऱ्या ठमाबाईला तुझं बोलणं कळत नाय. ती काय भिंतीकडं बघत बसंल?"

"मी सोपं लिहीन."

"लिही," ती म्हणाली. "लिहिलेलं वाचता येणारी आमच्यात दोघंच हायेत, पण लिही."

संदेश झाला. मागून पुन्हा "सुले, फिरव" आलं. ती जागेवरून उठली नाही, फक्त म्हणाली, "ताईनं सांगितला तो पुरे हाय." मग सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मी गीत सांगितलं.

मोतीराम आज कुंपणाच्या आत आला होता. गीत संपेपर्यंत मोबाइल धरून उभा राहिला, नंतरही थोडा वेळ. कशाची तरी वाट पाहत असावा.

रविवार, १६ फेब्रुवारी

मोतीराम आज माझ्याशी बोलला. मी चप्पल घालत होते.

"मॅडम, ती सुलाबाई नाय बोलत आता?"

"नाही."

"का?"

"उपासनेचा क्रम बदलला आहे."

"तुमचं बोलणं लय अवघड हाय," तो म्हणाला. रागाने म्हणाला असं नाही, पण नजर हटवली नाही. "ती बोलायची ते बरं व्हतं. तिला सांगा ना बोलायला."

मी चप्पल घालून निघाले. अर्थ उघड आहे. माझ्या संदेशात त्याला धरण्यासारखं काही सापडत नाही, सुलाबाईच्या बोलण्यात सापडेल. तिला बोलतं करायचं आहे. फिरवणं बंद केलं ते योग्यच झालं. संध्याकाळी काकांना कळवलं. ते म्हणाले, "शाबास."

आज ठमाबाई आणि तिची सून आल्या नाहीत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सुट्टी टाकून पाळकसाहेबांकडे गेले. बारीक झाले आहेत. बोलू देत नाहीत, तरी बोलतात. माझे संदेश वाचायला मागितले. मी कागद दिले. ते वाचताना मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते.

"निर्दोष आहे," ते म्हणाले.

मी आभार मानले.

"कोणाला सांगितलंस हे?"

"मंडळीला."

"मंडळीला नाही, पोरी. हे तू त्या अर्ज करणाऱ्याला सांगितलंयस. ओळ न् ओळ त्याच्याकडे बघून लिहिलेली आहे." मग धाप लागली, त्यांच्या पत्नीने, काकूंनी, पाणी आणलं. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यालाच सांगायचं असेल तर तेही चांगलं. पण मग त्याला काय हवंय ते तरी विचार."

त्याला काय हवं आहे ते मला माहीत आहे. साहेब आजारी आहेत, वाद घातला नाही.

निघताना काकूंनी दारात हात धरला. "आईच्या पश्चात तू चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना केलेली मी ऐकली नाही, आणि आता उपदेश करतेस. बरं वाटलं." उपदेश आणि प्रार्थना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपदेशाची तयारी करता येते.

रविवार, २ मार्च

आजचा शास्त्रपाठ पक्षघाती माणसाचा होता. चौघे त्याला खाटेवर घालून आणतात, घरात शिरायला जागा नसते, म्हणून छप्पर उकलून खाट दोरांनी खाली सोडतात. प्रभू त्याला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. मग, क्षमा करणारा हा कोण, म्हणून शास्त्री कुरकुरतात आणि प्रभू त्याला उठून खाट उचलून घरी जायला सांगतो. तो उठून जातो.

चौकशी कधीही लागेल. या परिस्थितीत पक्षघाती उठून चालू लागला हे त्या पडवीत, त्या मोबाइलसमोर वाचणं मला धोक्याचं वाटलं. पाठाचे दोन भाग करता येतात. मी क्षमेपाशी थांबले. संदेशही क्षमेवरच लिहिला होता. त्यात शास्त्राच्या विरुद्ध काही नाही.

लोक चांगले ऐकत होते. इथल्या कौलारू छपरावर चढणं, कौलं उतरवणं, वासे मोकळे करणं हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक जण म्हणाला, "घरमालकानं शिव्या घातल्या असतील." मी थांबले तेव्हा कोणी हललं नाही. त्यांना वाटलं मी श्वास घेते आहे.

"मग?" एका बाईने विचारलं.

"पुढचं पुढच्या रविवारी," मी म्हटलं.

सुलाबाई मोठ्याने हसली. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "माणूस खाटेवरच ठेवलास की गं ताई. त्याला उठवाया आठवडा लागतो व्हय? प्रभूला एक घटका लागली नव्हती."

सगळे हसले, मोतीराम सोडून. तो पडवीच्या पायरीपर्यंत आला होता. लोक पांगल्यावर त्याने विचारलं, "पुढं काय झाला त्याचा?"

"पुढच्या रविवारी सांगेन."

"आता सांगा ना. उठला का?"

मोबाइल हातात होता आणि पडद्यावरचा लाल ठिपका चालू होता. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी," आणि निघाले. तो पायवाटेपर्यंत मागे आला, मग थांबला. मी काळीपिवळी जीप गाठली. इतका सरळ सापळा आजवर कोणी लावला नव्हता.

बुधवार, ५ मार्च

तारीख लागली. सोमवार दहा तारीख, सकाळी, ठाण्यात. सुलाबाई, मी, काका आणि अर्जदार. मोतीरामला सगळी रेकॉर्डिंग घेऊन यायला सांगितलं आहे.

काकांनी माझ्या सहीसाठी जबाब टाईप करून आणला. 'आम्ही कोणालाही बरे करण्याचे आश्वासन देत नाही. आम्ही केवळ नैतिक शिकवण देतो.' काका म्हणाले, "तुझ्या संदेशात त्यांना एक वाक्य धरता येणार नाही. फक्त त्या पहिल्या रविवारचं सुलाबाईचं बोलणं आहे. ते जुनं आहे, अडाणी बाई आहे, म्हणून सांभाळून घेऊ."

पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्या वाक्यात 'केवळ' हा शब्द आहे. मी सही सोमवारी करते म्हणाले.

शनिवार, ८ मार्च

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मोतीराम. नंबर सुलाबाईने दिला म्हणे.

"उद्या संदेश झाला की माझ्या घरी या. सुलाबाईला बी आणा."

"कशासाठी?"

"आई बोलावते."

"तुम्ही अर्ज दिला आहे," मी म्हटलं.

"दिला हाय."

"मग मी तुमच्या घरी येणं बरोबर नाही. चौकशी सोमवारी आहे. जे काही असेल ते तिथे."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "आईला लकवा झालाय, मॅडम. दिवाळीपासून. डावं अंग नाय. सुली पडवीत काय बोलते ते ऐकव म्हणाली, म्हणून मी रेकॉर्ड करायचो. पहिलं रेकॉर्डिंग तिनं कितींदा ऐकलं. मग तुम्ही सुलीला गप केलं. तुमचं बोलणं तिला कळत नाय. खाटंवरच्या माणसाचं तेवढं मी माझ्यापरीनं सांगितलं. तर आता रोज विचारते, तो उठला का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी काय सांगू?" तो म्हणाला.

काकांना फोन केला. ते स्पष्ट बोलले. अर्जदाराच्या घरी, आजारी माणसापाशी, चौकशीच्या आदल्या दिवशी? "यापेक्षा चांगला पुरावा त्यांना विकतही मिळणार नाही. लकवा खरा असेल, नसेलही. तू जाणार नाहीस."

काकांचं बरोबर आहे. आई आजारी आहे हे खरं असू शकतं आणि बोलावणं सापळाही असू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हे मी चार वेळा वेगवेगळ्या प्रकारे मांडून पाहिलं, उत्तर तेच येतं. उपयोग काही नाही.

रविवार, ९ मार्च

पडवीत आज पाठ शेवटपर्यंत वाचला. संदेश झाल्यावर मी सुलाबाईला म्हटलं, "फिरवा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "इथं नको," म्हणाली. "तिकडं फिरवते. एकदाच."

म्हणजे मोतीरामने तिलाही सांगितलं होतं, आणि तिने माझ्या उत्तराची वाट न पाहता ठरवूनही टाकलं होतं. वाटेत मी तिला धोका समजावला. काका काय म्हणाले ते सांगितलं. ती पुढे चालत म्हणाली, "नवसा आन् मी एकाच साली या पाड्यात नांदाया आलो. माझ्या दोन्ही पोरी तिच्या हातावर झाल्या. मी पडवीत गाणी म्हणाया लागले तशी ती बोलायची बंद झाली. आता तिनं बोलावलाय, आन् तू मला कायदा सांगतेस."

मोतीरामचं घर पाड्याच्या वरच्या अंगाला आहे. ओसरीत बाजेवर नवसाबाई पडली होती, डोक्याखाली गोधडीची घडी. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड, पण डोळे चलाख. सुलाबाईला पाहून म्हणाली, "आलीस भवाने."

"आले. तू उठून येत नाहीस तर मलाच यावा लागला."

मोतीराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने मोबाइल खिडकीच्या कोनाड्यात उभा केला. ठिपका लाल. मी ते पाहिलं हे त्यानेही पाहिलं.

"हे सोमवारी देणार का?" मी विचारलं.

"माहीत नाय," तो म्हणाला. "सही मी केली, ते खरं हाय. आई ऐकते ते बी खरं हाय. तुमच्यामुळं सात घरं होळीला येत नाहीत. वाघदेवाला येत नाहीत. पुढं कोणाच्या लग्नाला कोण जाईल? पाडा म्हंजे काय राहिला मग? त्याचं सांगा आधी."

अभ्यासक्रमात याचं उत्तर होतं आणि ते मला पाठही होतं. ओसरीत ते म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "याचं मला सांगता येत नाही."

"बरं," तो म्हणाला. मी खोटं बोलले असते तर त्याला सोपं गेलं असतं असं वाटलं.

सुलाबाई बाजेच्या कडेला बसली आणि तिने फिरवायला घेतलं. खाट कशी जड होती, चौघांना घाम कसा फुटला, घरमालक कसा ओरडला, कौलं फुटली त्याचं काय, हे सगळं. यातलं निम्मं पाठात नाही. मी मध्ये बोलले नाही. दोर सोडत सोडत खाट खाली आली तेव्हा नवसाबाईने उजवा हात उचलून तिला थांबवलं.

"त्या चौघांत त्याचा पोरगा व्हता का?"

सुलाबाईने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न मला होता.

"शास्त्रात लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "चौघे होते एवढंच आहे."

"व्हता," सुलाबाई म्हणाली. "पोराशिवाय दुसऱ्याचं छप्पर कोण फोडील?"

नवसाबाईने दाराकडे पाहिलं. मोतीराम बाहेर अंगणात बघत होता. त्याने तोंड वळवलं नाही, पण चौकटीवरचा हात खाली घेतला.

गोष्ट संपली. माणूस उठला, खाट काखेत मारून घरी गेला. नवसाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्यासाठी माग."

माझ्याकडे अशा वेळेसाठी तयार वाक्य आहे. 'देवाच्या इच्छेप्रमाणे होवो आणि तुम्हाला शांती मिळो.' त्यात कोणी काही धरू शकत नाही. आईच्या शेवटच्या आजारात तिच्या खोलीत मी तेच वापरलं होतं.

मी बाजेपाशी जमिनीवर बसले. तिचा डावा हात हातात घेतला. तो ओल्या कापडासारखा जड आणि गार होता. मोठ्याने म्हटलं, "प्रभू, हिचा हात उठू दे. ही पुन्हा चालू दे. हे मी तुझ्याकडे मागते आहे." शब्द एवढेच होते. सुलाबाईने आमेन म्हटलं.

मी हाताकडे पाहत होते. हात उठला नाही.

नवसाबाईही पाहत होती. "नाय उठला," ती म्हणाली. तिला फार वाईट वाटलं असं दिसलं नाही. "उद्या परत माग."

मोतीरामने मोबाइल कोनाड्यातून काढला, ठिपका बंद केला आणि आम्हाला काळा चहा दिला. परतताना सुलाबाईने विचारलं, "रडतेस का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरं, नको रडू," आणि स्वतःचा पदर माझ्या हातात दिला.

आता ते रेकॉर्डिंग त्याच्याकडे आहे. माझ्या आवाजात, बरं कर अशी मागणी, आजारी बाई समोर, जागा अर्जदाराचं घर. काकांना अजून सांगितलेलं नाही.

सोमवार, १० मार्च

सकाळी बसस्टँडवर काकांना सांगितलं. ते बाकावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू हे त्या बाईसाठी केलंस की स्वतःसाठी?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "जबाबावर सही कर. निदान तेवढं वाचेल."

ठाण्यातले पोलीस साहेब थकलेले होते पण नीट बोलत होते. अर्जदारांपैकी चौघे एका जीपमधून आले होते, त्यात मोतीराम. सुलाबाईने नवीन लुगडं नेसलं होतं. ती कोपऱ्यात उभी होती, हात पदरात.

साहेबांनी आधी रेकॉर्डिंग मागितलं.

"मोबाइल घरी हाय," मोतीराम म्हणाला.

"आणायला सांगितलं होतं ना?"

"आईपाशी हाय. ती ऐकत बसलीया. ओढून घेता आला नाय."

त्याच्याबरोबरचा एक जण चिडून म्हणाला, "अरे, आपलं ठरलं काय होतं?" मोतीराम जमिनीकडे पाहत राहिला. साहेब म्हणाले, मोबाइल नंतर मागवता येईल. मग माझ्याकडे वळले. काकांनी जबाब माझ्यापुढे सरकवला आणि पेन उघडून ठेवलं.

मी तो पुन्हा वाचला. म्हटलं, "साहेब, यातलं दुसरं वाक्य बरोबर नाही. मी तोंडी सांगू का?"

काकांनी डोळे मिटले.

"सांगा."

"बरे करण्याचं आश्वासन आम्ही देत नाही. देता येत नाही. पण केवळ नैतिक शिकवण देतो हेही खरं नाही. काल मी एका आजारी बाईपाशी बसून तिचा हात बरा व्हावा म्हणून देवाकडे मागितलं. हात बरा झाला नाही. मी परत मागणार आहे."

साहेबांनी पेन थांबवलं. "हे तुम्ही स्वतःहून सांगताय?"

"हो."

"कोणाच्या घरी?"

मी उत्तर द्यायच्या आत मागचा एक जण पुढे आला. "हेच तर आम्ही म्हणतोय साहेब. लोकांच्या घरात घुसतात. आजारी माणूस दिसला की—"

"माझ्या घरी," मोतीराम म्हणाला.

खोलीत पंखा फिरत होता. साहेबांनी अर्जाकडे पाहिलं, त्यावरच्या पहिल्या सहीकडे, मग त्याच्याकडे.

"तुमच्या घरी या घुसल्या?"

"घुसल्या नाय. मी बोलावलं." त्याचा आवाज लहान झाला होता. "फोन करून बोलावलं. या नाय म्हणत व्हत्या. तसं लिहा."

"म्हणजे अर्ज मागे घेताय?"

त्याच्याबरोबरचे तिघे त्याच्याकडे पाहत होते. "मागं घेत नाय," तो शेवटी म्हणाला. "सात घरं सुटली, त्याबद्दल माझं म्हणणं हाय. पण घुसल्या असं लिहू नका. मी बोलावलं असं लिहा."

साहेबांनी लिहिलं. त्याची सही घेतली, माझी घेतली, सुलाबाईचा अंगठा घेतला. आज गुन्हा दाखल करत नाही, गरज पडली तर बोलावू, म्हणाले. किती दिवसांत, ते सांगितलं नाही. काकांनी विचारलं नाही.

बाहेर आलो तेव्हा जीप चालू होती. तिघे बसले. मोतीराम दाराशी पोचेपर्यंत ती निघाली. कोणी शिवी दिली नाही, कोणी मागे पाहिलं नाही. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, हात सदऱ्याच्या खिशात.

काका म्हणाले, "नाशिकची गाडी लागलीय. चल."

"मी पाड्यावर जाते आहे," मी म्हटलं. "नवसाबाईंनी आज परत यायला सांगितलंय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग सही नसलेला जबाब घडी करून खिशात ठेवला. "उतरलीस की फोन कर," म्हणाले.

काळीपिवळी यायला वेळ होता. सुलाबाईने रस्ता ओलांडला आणि मोतीरामला हाक मारली, "ये रं. इकडं सावली हाय."

तो आला, पण आमच्यापासून थोडा दूर उभा राहिला. गाडी भरूनच आली. मागच्या बाकावर तिघांपुरतीच जागा होती.